मोर्शीची गारगोटी

शेखरने दगड यंत्राच्या पकडीत घट्ट बसवला आणि पात्यावर पाण्याची नळी सोडली. बडनेरा रोडवरचं त्याचं दुकान ग्रॅनाइट आणि कडप्पा कापायचं. नारळाएवढी गारगोटी कापून मागणारं गिऱ्हाईक त्याला आज पहिल्यांदाच भेटलं होतं.

"मॅडम, मधोमध?"

"मधोमध," गीतांजली म्हणाली. तिचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा झाला होता.

तिच्या सासूबाई, पार्बताबाई, शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. खरं तर दोघी निघाल्या होत्या सासूचे डोळे तपासायला. सुनेने वाटेतच रिक्षा इकडे वळवली आणि रिक्षावाल्याला बाहेर थांबायला सांगितलं. सुनेचं औषधांचं दुकान, पण जीव सगळा दगडांत. खिडकीत दगड, देव्हाऱ्यामागे दगड; एकदा तर तुरीच्या डाळीच्या डब्यात निघाले. पार्बताबाई कुरकुरत, पण सून भिंग घेऊन बसली की हातातलं काम टाकून बघत राहत.

हा दगड मोर्शीचा. पार्बताबाईंच्या भावाने संत्र्याच्या बागेत विहीर खणली, तिच्या ढिगातला. गीतांजलीने तो फरशीच्या पाठीवर घासला, त्या दगडाने काच ओरखडून पाहिली, लिंबू पिळून फेस येतो का बघितलं, चक्क जीभ लावली. शेवटी म्हणाली, "अकीक हाय. पन आकाराच्या मानानं हलका. आत पोकळ असन. जांभळे स्फटिक असतील आई!" स्वतः शोधलेला जांभळा स्फटिक तिच्याकडे एकही नव्हता. त्यासाठीच आजची ही धडपड.

पातं फिरू लागलं.

"थांब रे बाबू," पार्बताबाई उठल्या. "फोडायच्या आधी एकदा पाहू दे मले."

शेखरने दगड पकडीतून सोडवून त्यांच्या हातात दिला. जन्मात एकही नारळ त्यांनी हलवून पाहिल्याशिवाय फोडू दिला नव्हता. सवयीने तो कानाशी नेला आणि हलवला. आत काहीतरी हिंदकळल्याचं हाताला जाणवलं, म्हणून पुन्हा हलवला.

"गीता, याच्यात पानी हाय."

शेखर हसला. गीतांजली हसली नाही. तिने दगड घेऊन कानाला लावला, पण पात्याच्या आवाजात काही ऐकू येईना.

"मशीन बंद करा!"

पातं थांबलं. दुकानात शांतता झाली आणि दगडाच्या पोटात अगदी बारीक आवाज झाला. तिने कोपऱ्यातल्या अंधारात मोबाइलचा टॉर्च दगडाला खालून टेकवला. गारगोटी मधासारखी उजळली. एका बाजूला कवच पातळ होतं. तिथे तुरीच्या दाण्याएवढा बुडबुडा सरकला. दगड कलवला की गवंड्याच्या लेव्हलमधल्यासारखा तो पलीकडे जाई, परत येई.

गीतांजली तिथेच, दगडाच्या भुकटीत, बसली. "आई, एवढ्या परीक्षा केल्या मी. कानाले नाही लावला." मग हळूच म्हणाली, "हे कोट्यवधी वर्षांपासून आत हाय. मानूस बी नव्हता तवापासून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेखरही खाली वाकून बघत होता. एका थेंबासाठी रडणारी ही पोर आपल्या घरात आली, याचा पार्बताबाईंना फार अभिमान वाटला. मग त्यांनी विचारलं, "पन खारं असन का गोड?"

त्यांचा सगळा संसार भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात झाला होता. तिथे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. गोड पाण्याची घागर डोक्यावरून आणताना त्यांची सासू ओरडायची ती एवढ्यासाठीच, की सांडू नको. तिकडचा माणूस पाणी दिसलं की आधी हेच विचारतो.

"त्यात काय," शेखर म्हणाला. "कापतो नं. चाखून पाहा."

"कापला तं पानी गेलं," गीतांजली म्हणाली. दगड तिने छातीशी धरला होता. पण मग तो सासूपुढे केला. "तुमच्या माहेरचा हाय, आई. तुमी म्हनसान तसं."

पार्बताबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांना खरंच चाखायचं होतं. त्यांनी टॉर्च पुन्हा दगडाखाली धरायला लावला आणि बुडबुडा इकडून तिकडे जाताना पाहिला.

"मोर्शीचं हाय," त्या म्हणाल्या. "गोडच असन. चाल."

रिक्षात त्यांनी दगड मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. राजापेठेजवळ रस्ता खणलेला होता.

"बाबू, हळू घे रे," त्या पुढे वाकून म्हणाल्या. "सांडन. पानी हाय हातात."

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. घागर नाही, कळशी नाही, म्हातारीच्या मांडीवर नुसता एक दगड. त्याने रिक्षा हळू केली.