साहेब हसले की हसायचं

बाळ मांडीवर झोपलं होतं. बाळंतपणाची रजा उरलेली असताना सरांनी येत्या सोमवारीच कामावर बोलावलं होतं. ‘चालेल सर’ एवढं लिहून, न पाठवता मी मोबाईल धरून बसले होते.

टीव्हीवर ऐंशीच्या दशकातला ऑफिसवरचा विनोदी सिनेमा चालू होता. त्यातली टायपिस्ट साहेबाला सुनावत होती, “तुमचा चहा तुम्हीच करा!”

“तेव्हा पेपरवाल्यांनी लिहिलेलं, की असे साहेब कुठे असतात?” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या साहेबांनी अख्खं ऑफिस नेलं होतं बघायला. ते हसले की आम्ही हसायचो.”

“आणि या सीनला?”

“इथे ते गप्प, म्हणून सगळे गप्प. मला मात्र आवरेना गं. एकटीच खो खो हसले.”

“मग?”

“त्यानंतर त्यांनी मला कधी चहा करायला सांगितलं नाही.”

बाळाला न हलवता, अंगठ्यानेच मी ‘चालेल सर’ पुसलं.