बिनखताचा तुकडा

धाकट्या गहिनीनाथला कृषी विद्यापीठात नाव घालायचं होतं, म्हणून आधी ते बघून यायला आम्ही दोघं भाऊ गेलो. रुंद रस्ते, होस्टेलात ज्याला त्याला खाट, टेबल, वर पंखा. दर दारात गहिन्या "दादा, हे बघ" करायचा आणि मी आतून जळायचो. सातवीत मास्तरांनी पाठ थोपटली होती ती माझी. वडील गेले, तसं मी औत धरलं आणि दप्तर त्याच्याकडं गेलं.

शेवटी तिथले एक सर आम्हाला उसाच्या प्लॉटवर घेऊन गेले. काळाभोर ऊस डोक्याच्या वर गेलेला. मधला एकच तुकडा पिवळा, कमरेलाही न लागणारा. तो बघून मला लई बरं वाटलं.

"काय सर, एवढं शिकून तुमचाबी ऊस असाच की!"

सर हसले. "तो मुद्दाम तसा ठेवलाय. त्याला खताचा कणही देत नाही. बाकीच्यांना दिलेलं किती लागू पडलं, ते त्याच्याकडं बघूनच कळतं."

गहिन्या ते वहीत लिहून घेत पुढं गेला. माझा पाय तिथून निघेना.

"सर, लावतानाच ह्याचं बेणं हलकं हुतं का?"

"छे हो! बेणं सगळ्यांचं एकाच फडातलं."