साडेबाराचं रेकॉर्डिंग

"वायर ओढा ना मॅडम," तात्या म्हणाले. "बंद करून चालू केला का होईल ठीक."

मृणालीनं प्लगवरचा त्यांचा हात बाजूला केला.

"थांबा तात्या. आत्ता वीज तोडली तर कॅमेऱ्याची शेवटची फाईल अर्धवट राहील. मग ती उघडेलच असं नाही."

"न्हाय उघडली तर न्हाय उघडली."

दारात उभ्या असलेल्या हवालदारानं मोबाईलवरून मान वर केली. 

नारपोलीतल्या तात्यांच्या पॉवरलूमच्या ऑफिसात कॉम्प्युटर तीन दिवस तसाच अडकून पडला होता. पडद्यावर पांढरी, अर्धी उमटलेली चौकट. माऊस हलत नव्हता. पोलिसांनी पंचनाम्याच्या दिवशी ऑफिसला सील ठोकलं, आज ते काढून मृणालीला बोलावलं. हे मशीन दोन वर्षांपूर्वी तिनंच बसवून दिलं होतं.

त्याच दिवशी लूम सांभाळणारा अनंता अपघातात गेला होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास मागच्या रांगेतल्या एका लूमचा पट्टा चढवायला तो खाली वाकला होता. रांगेचा खटका खाली पाडून त्यानं स्वतः वीज तोडली होती, हे दोन कामगारांनी पाहिलं होतं. तरी मोटर फिरली. गळ्यातला गमछा पट्ट्यात ओढला गेला. बाकीच्या लूमच्या धडधडीत कुणाला काही ऐकू आलं नाही.

"मशीन आपोआप चालू झाला," असं तात्यांनी पोलिसांना लिहून दिलं होतं.

अनंताची बायको धोंडूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिसऱ्या दिवशी घराबाहेर पडू नको असं सगळ्यांनी सांगूनही ती आली होती.

"आपोआप कसा चालू व्हईल?" ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "मी त्या दुपारी येऊन गेले. तवा सगळा बरा होता. मंग कोनी तरी खटका वर केलाच ना?"

"वहिनी, तुम्ही घरी जा," तात्या म्हणाले. "मी येतो संध्याकाळी."

"न्हाय जानार."

अनंता आणि तात्या एका गावचे, एका वर्गातले. तात्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, त्यातून लूम आले, आणि लूम सांभाळायला त्यांनी अनंताला आणलं. आता तेच तात्या धोंडूबाईच्या नजरेला नजर देत नव्हते.

मृणालीनं कीबोर्डवरची बटणं दाबून पाहिली. त्याच्या कोपऱ्यातला छोटा दिवा लागेना. नुसते हुकूम टाइप करायचा काळा पडदा उघडायची तीन बटणं तिनं एकदम दाबली. काही नाही. मग तिनं आपला लॅपटॉप काढला आणि केबलनं तो ऑफिसातल्या नेटच्या डब्याला जोडला.

"पासवर्ड बदललाय का, तात्या?"

"आठवत न्हाय."

बदललेला नव्हता. लॅपटॉपवर अडकलेल्या कॉम्प्युटरचं उत्तर आलं.

"आतून जिवंत आहे," ती हवालदाराला म्हणाली. "फक्त पडदा आणि कीबोर्ड गोठलेत. पडदा दाखवणारा प्रोग्रॅम तेवढा मारते. बाकीच्याला धक्का लागणार नाही."

आत काय काय चालू आहे त्याची यादी ती वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. कॅमेऱ्याची फाईल पुसण्याचं काम अर्ध्यात लटकलं होतं. वेळ त्याच दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटं. पोलीस यायच्या आधीची.

"ही फाईल कुणीतरी पुसायला घेतली होती."

धोंडूबाई स्टुलावरून उठली.

"केसरीनाथ," ती म्हणाली. तीस वर्षांत तिनं तात्यांना नावानं हाक मारली नव्हती. "तू पुसाया घेतलीस?"



मृणालीनं पुसण्याचं काम आधी थांबवलं, फाईलची एक प्रत लॅपटॉपवर घेतली, मग पडद्याचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. पडदा क्षणभर काळा झाला. मग निळा उजेड आला आणि कीबोर्डचा दिवा लागला.

"मॅडम, ऐका." तात्यांचा आवाज एकदम बदलला. "साहेब, तुम्ही पण ऐका. खटका मी वर केला. माझ्या हातून झाला. काय लिहायचा ते लिहा, मी सही करतो. पन ते लावू नका."

"आता कबूल झालास!" धोंडूबाई ओरडली. "इतकं दिवस न्हाय सुचला?"

"वहिनी, तुमच्या पाया पडतो. बाहेर चला."

ते खरोखर वाकले. ती मागं सरकली.

"मना बघायचा हाय. माझा मानूस कसा गेला, कोनाच्या हातान् गेला, ते मना बघायचा हाय."

हवालदारानं मृणालीला मानेनं खूण केली. "लावा. सायबांना दाखवायचंच आहे."

मृणालीला तात्यांची कीव आली नाही. माणूस घेरला गेला की असाच बोलतो, असं तिला वाटलं. तिनं फाईल उघडली आणि साडेबारापासून पुढे नेली.

शेडच्या दारातला बोळ. अंधारलेला, रिकामा. भिंतीवर ओळीनं खटके, त्यातले दोन खाली: लूमच्या मागच्या रांगेचा आणि शेजारचा दिव्याचा. इकडे ऑफिसात तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

बारा चौतीसला पदर डोक्यावर घेतलेली एक बाई आत आली. पाठ कॅमेऱ्याकडे, हातात डबा. अंधारात तिनं भिंत चाचपली आणि एक खटका वर केला. दिवा लागला नाही. तिनं शेजारचा केला. दिवा लागला. पहिला खटका तसाच वर राहिला.

तिनं डबा फळीवर ठेवला, पदर सारखा केला आणि घरी जायला वळली. दिव्याच्या उजेडात दिसलेला तो चेहरा धोंडूबाईचा होता.