डाव्या लाईटासमोर

दिवेलागणीला नागोरावानं कारच्या डाव्या लाईटात नवा बल्ब बसवला, आत बसून बटन दाबलं आन् सवयीनं हाक मारली, "अवं, पाह्य बरं, लागला काय?"

आन् जीभ चावली. समोर उभी राहून लाईट पाहणारी त्याची बायको, चंद्रभागा, दिवाळीतच वारली होती.

कारसमोर कोणीच नव्हतं. पण अंगणाच्या भिंतीवर, डाव्या लाईटाच्या उजेडात, पदर घेतलेल्या बाईची सावली पडली होती.

"मामाजी, बंद करा ना, बॅटरी उतरन!" सून प्रीती दारातून ओरडली.

"उतरू दे, माय. जराशीक पाहू दे."

सावली मोठी होत गेली, कोणी लाईटाजवळ येत असल्यासारखी. अर्धी भिंत काळी झाली.

"घ्या, गेला तुमचा नवा बल्ब!" प्रीती हसली.

नागोराव खाली उतरला. बल्ब तर लखलख जळत होता. त्यानं त्याच्यासमोर, खांद्याच्या उंचीवर, रिकाम्या जागेत हात पुढं केला.

हात टेकला.