सुई आली का?

काकांनी हात वर केला, तशी सगळी मंडळी जागच्या जागी थांबली. दहा-बारा माणसं, गळ्यात दुर्बिणी, तोंडातून वाफा. तळ्याकाठच्या झाडांवर अजून पान नव्हतं, नुसते कोंब फुटले होते. काकांनी डोळे मिटले आणि मान तिरकी करून कान दिला.

पक्षिमित्र मंडळाचा नियमच होता, काकांचं बोट वर गेल्याशिवाय कोणी पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही. भारी दुर्बिणीवाले जिथे हात टेकत, तिथे काका डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पक्षी सांगत. त्यांनी सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

आज सगळे थांबले होते ते सुईसाठी. अंगठ्याएवढं पाखरू. पुस्तकातलं नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून काकांनीच त्याला सुई म्हणायला सुरुवात केली होती, कारण आवाज इतका बारीक की कानात टोचावा. थंडीत कुठे तरी दूर जायची आणि वसंताच्या तोंडावर परतायची.

थर्मास धरून काकू सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. रविवारची साखरझोप ही त्यांची हक्काची, इतक्या वर्षांत ती त्यांनी कुठल्या पाखरासाठी मोडली नव्हती. पण गेले दोन रविवार काका घरी आले की बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहत. "सुई आली नाही गं यंदा," एवढंच म्हणत. ताटातलं अर्धं तसंच राही. कुठे तरी पाणी मुरतंय, असं काकूंना वाटलं आणि त्या निघाल्या.

"ती ती ती तिरीरी."

आवाज अगदी डोक्यावरून आला. काकूंना तो लगेच कळला. दर वसंतात काका स्वयंपाकघरात येऊन, नाकातून, अगदीच वाईट काढून दाखवत, तोच. त्यांनी वर पाहिलं. फांदीच्या टोकावर पिसांचा एक गोळा बसला होता आणि त्याचा गळा थरथरत होता.

त्यांनी काकांकडे पाहिलं. बोट काही हललं नाही.

मग त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. फोटोवाल्याने कॅमेरा अर्धा उचलून परत खाली केला होता. दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्याच बुटांकडे बघत होत्या. कोणी तरी उगाच खाकरलं.

काकांनी डोळे उघडले. "नाही. आजही नाही. वाटेतच संपली असणार बिचारी."

सुई त्यांच्या डोक्यावर आणखी जोरात ओरडली.

"बघू या ना काका, पुढच्या रविवारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परवा काकांच्या अंगात कणकण होती. थर्मामीटर पी पी करून करून गप्प झाला, तरी काका तो तोंडात धरून बसले. वर म्हणाले, बिघडलाय हा. काकूंनी नवा आणला. तोही बिघडलेला निघाला.

आता सांगावं, तर काकांचे कान जाणार होते. न सांगावं, तर सुई जाणार होती. काकूंना रागच आला. माणूस दुखावू नये म्हणून त्याला जिवंत पाखरासाठी झुरायला लावायचं, ही कसली माया!

त्यांनी थर्मास डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि पुढे जाऊन काकांचं कोपर धरलं.

"अहो, जरा वाका इकडे."

काका वाकले. वर सुई बोलली आणि ती थांबताच काकूंनी त्यांच्या कानाशी, आपल्या जाड्याभरड्या आवाजात, तेच म्हटलं, "ती ती ती तिरीरी."

"हे काय?"

"सुई."

"तू कुठे ऐकलीस?"

"तुमच्या डोक्यावर बसलीय. केव्हाची."

काकांनी वर पाहिलं. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. मग ते मंडळींकडे वळले.

"गेल्या रविवारी?"

फोटोवाल्याने मान खाली घातली. शेवटी डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "होती, काका."

काकांनी मान हलवली. चेहरा एकदम म्हातारा दिसला. "म्हणजे एवढं बारीक मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. मग काकूंना, "कधीपासून गं?"

"थर्मामीटर बिघडला ना, त्याच्याही आधीपासून असेल."

काकांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी ते बाहीने पुसलं.

"पण आली म्हणायची."

"आली की. चांगली धडधाकट आहे. कोकलतेय बघा कशी."

फोटोवाला कॅमेरा छातीशी धरून तसाच उभा होता. बोट वर गेलं नव्हतं, त्यामुळे नाव घ्यायची सोय नव्हती.

काकांनी पुन्हा डोळे मिटले, मान तिरकी केली आणि कान काकूंच्या तोंडाशी आणला.

"म्हण परत."

"सगळ्यांसमोर?"

"म्हण गं."

काकूंनी पदर सावरला, वरचा आवाज नीट ऐकून घेतला आणि म्हटलं.

"शेवटचं जरा लांबव," काका म्हणाले.

काकूंनी लांबवलं. काकांचं बोट वर गेलं.