झाकण लावून काढलेले फोटो

दिवसभर अँब्युलन्स हाकून हाडं खिळखिळी झालेला माणूस रात्री झोपेल की नाही? हा गडी परसात कॅमेरा लावून ताऱ्यांचे आणि कुंपणावरच्या उदमांजराचे फोटो काढत बसायचा. आभाळात कुणी कण्हत नाही, म्हणायचा. शेवटी भिंगावर झाकण लावून दहा फोटो घ्यायचे, हा त्याचा नेम. ते निव्वळ काळे यायला हवेत. त्यावरून कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात.

सकाळी स्वयंपाकघरात चहा घेता घेता त्याने ते काळे फोटो उघडले. पहिल्यातच दोन डोळे चमकत होते.

“झाकण लावायला विसरला असाल,” समोर बसलेली बायको म्हणाली. “झोपेचं खोबरं केल्यावर दुसरं काय होणार?”

टेबलावरच्या कॅमेऱ्याला झाकण अजून तसंच होतं.

पुढच्या प्रत्येक फोटोत डोळे मोठे होत गेले. दहाव्यात फक्त एक बुबुळ उरलं, आणि त्यात काहीतरी उमटलं होतं. त्याने ते मोठं करून पाहिलं. हेच स्वयंपाकघर, हेच टेबल, कप धरून वाकलेला तो. समोरची खुर्ची रिकामी.

“काय एवढं बघताय?” बायकोने विचारलं.

आवाज समोरूनच आला. मान वर करायची त्याला हिंमत होईना.