कारभारणीची नणंद

"आबा, मेंढरं आता इकावीच लागतील," पोरगा म्हणाला.

माळ समदा वाळला हुता. जुनी गवतं नांगरून गावानं तिथं एकच उंच, देखणं गवत पेरलेलं. पाऊस वढला आन् ते एकदमच मेलं.

आमची कारभारीण असती तर हसली असती. माळावरच्या गवतांस्नी ती नात्यानं हाक मारायची. पवन्या सासरा, मारवेल जाऊ, आन् टोचती म्हणून कुसळी नणंद. "घरात माणसं पायजेत. एक रुसलं तर दुसरं वाढतंय," म्हणायची. सांजंला माज्या धोतरातली कुसळं वेचताना पुटपुटायची, "तुमची बहीण लई चिकट बगा."

मेंढरं वड्याकडंच्या खडकाळीत घुसली. तिथं ट्रॅक्टर चढला नव्हता. पवन्या करपला हुता, पर मारवेल बुडाशी हिरवी हुती, आन् कुसळी तर ताठ उभी. मेंढरं माना खाली घालून चराया लागली.

"इकू नगंस," म्या पोराला म्हणलं. "निघंल ह्यो उन्हाळा."

घरी आलो तर धोतर कुसळांनी भरलेलं. सून वेचाया बसली.

"ऱ्हाऊ दे पोरी," म्या म्हणलं. "तुज्या सासूची नणंद हाय ती. लई दिसांनी आलीया."